झोक्याची तपासणी

बसल्या जागी हलण्याच्या ज्या दोन संस्था मराठी घरात परंपरेने चालत आल्या आहेत, त्यांपैकी पहिली म्हणजे ओटीवरचा झोपाळा. सागवानी फळी, तुळईतले कडे, पितळी साखळ्या आणि हाताशी पानाचे तबक असा तिचा सरंजाम असतो. तीवर विराजमान झालेला गृहस्थ पायाच्या अंगठ्याने जमिनीला अधूनमधून किंचित रेटा देत गावातल्या भानगडींचा निवाडा करतो. आणि त्याची गती इतकी विवेकी असते की, तिच्यापासून कोणाला अपाय झालाच तर तो बेसावधपणे समोरून जाणाऱ्याच्या नडगीपुरताच मर्यादित राहतो. दुसरी संस्था म्हणजे परसातला झोका. तिथे तबक नाही, निवाडा नाही आणि विवेकाचा तर लवलेश नाही. तिथे जो बसतो तो आभाळाकडे जाण्याच्या निश्चयानेच बसतो, आणि निघाल्या जागी तो सुखरूप परत येईल याची हमी द्यायला दोराखेरीज दुसरा कोणी जामीन नसतो.

मात्र परसातल्या झोक्याला मुलांपासून फारसा धोका नसतो, असे माझे दीर्घ निरीक्षणांती बनलेले मत आहे. झोक्याची मागणी तेवढी मुलांची. त्यापुढची मसलत, आक्षेप, खर्च, विलंब आणि अखेरीस मोडतोड या सर्व बाबी वडीलधाऱ्यांच्या अखत्यारीत येतात.

आमचे घर रत्नागिरीकडचे. या मुलखात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा नेमका झोके बांधण्याच्या मुहूर्तावर पडतो. कारण झोक्याचा सण म्हणजे नागपंचमी आणि नागपंचमी म्हणजे भर श्रावण. दोर भिजलेला, फांदी शेवाळलेली, पायाखाली चिखल, अशा समयी लेकीबाळींनी उंच झोके घ्यावेत हे ज्या पूर्वजांनी ठरवले त्यांच्या साहसाचे कौतुक करावे तेवढे थोडे. शिवाय त्याच दिवशी जमीन खणू नये, काही चिरू-कापू नये, असाही दंडक असल्यामुळे खांबासाठी खड्डा घ्यायचा राहून गेला असेल तर तो त्या दिवशी घेता येत नाही. एकूण, झोका पंचमीला हवा असेल तर त्याची खटपट आषाढातच सुरू झाली पाहिजे, आणि आषाढात ती सुरू करावी इतकी दूरदृष्टी घरात फक्त मुलांना असते. ती आषाढी एकादशीचा उपास सुटण्यापूर्वीच अर्ज गुदरतात.

अर्ज दाखल झाला की पहिला प्रश्न झाडाचा. आमच्या परसात आंबा, फणस, चिंच आणि शेवगा अशी चार उमेदवार झाडे आहेत. शेवग्याची शिफारस नेहमी मुलांचे मामा, म्हणजे आमचे मेहुणे करतात. कारण त्याची फांदी हाताला येण्याजोगी असते आणि मेहुण्यांना शिडीवर चढणे आवडत नाही. शेवगा हे झाड आमटीला उत्तम आहे. परंतु त्याचे लाकूड इतके पोचट की शेंगा काढताना आकडीने जरा जोरात ओढले तर शेंगेबरोबर फांदीही हातात येते. ही गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक असूनही मेहुण्यांची शिफारस दरसाल टिपून घ्यावी लागते, कारण ते पाहुणे आहेत.

चिंचेची गोष्ट उलट. तिचे लाकूड चिवट, फांद्या आडव्या, सावली दाट. झोक्यासाठीच निर्माण केल्यासारखे ते झाड आहे. पण आमच्या मातोश्रींच्या म्हणण्याप्रमाणे त्या चिंचेवर आधीपासूनच कोणाची तरी वहिवाट आहे. ती कोणाची, किती पिढ्यांची, आणि तिचा दाखला कोणत्या दप्तरी आहे याची पृच्छा केली असता त्या एवढेच म्हणतात, “तिन्हीसांजेला जाऊन उभा राहा म्हणजे कळेल.” अद्याप कोणी उभे राहिलेले नाही. फणसाखाली झोका बांधायला मुलांचीच हरकत असते, आणि दहा-बारा किलोचे फळ नेमके माथ्यावर लोंबत असताना ती हरकत रास्त म्हटली पाहिजे. राहता राहिला आंबा. त्याची फांदी निदान आठ इंच जाडीची, जिवंत, बांडगूळ न लागलेली आणि खोडाशी भेगाळलेली नसलेली असावी लागते. आणि अशी फांदी आमच्या आंब्याला एकच आहे, ती विहिरीच्या दिशेला.

विहिरीकडे तोंड करून झोका बांधावा की नाही यावर आमच्या घरी चर्चा झाली हे नमूद करताना मला संकोच वाटतो. पण झाली.

म्हणून लोखंडी घोडी. दोन बाजूंना उलट्या व्ही अक्षराच्या आकाराचे दोन दोन पाय आणि वर आडवा पाइप, अशी ही घोडी बाजारातल्या वेल्डरकडून करून घेता येते. तो मनुष्य तत्पर असला तरी कलावंत असतो. साधी घोडी सांगितली की, “साहेब, एका बाजूला शिडी काढून देतो, मध्ये नक्षी टाकतो,” असे तो उत्साहाने सुचवतो. आणि त्या नक्षीच्या फटी साडेतीन इंचांहून मोठ्या व नऊ इंचांहून लहान असल्या तर पोराचे धड त्यातून पार जाते पण डोके अडकते, ही बाब त्याच्या सौंदर्यदृष्टीच्या आड येत नाही. त्याला नक्षीपासून परावृत्त करणे हे झोक्याच्या सुरक्षिततेचे पहिले कलम आहे. दुसरे कलम पायांच्या खड्ड्यांचे. दीड-दोन फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट, आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या पातळीखाली, वर मातीचे झाकण. आमची जमीन जांभ्याची असल्यामुळे पहारीने दीड फूट खाली जाईपर्यंत गडी दोन वेळा चहा पितो आणि एकदा नोकरी सोडतो. त्यामुळे “काँक्रीट थोडे वर राहिले तर काय बिघडले?” हा प्रश्न खड्ड्याच्या काठावर हटकून उपस्थित होतो. बिघडते ते झोक्यावरून उडी मारणाऱ्याच्या गुडघ्याचे.

आता दोर. सुंभाचा दोर हा आमच्या किनाऱ्याचा अभिमान. काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही म्हणून होड्यांना तो चालतो, परंतु मुलांच्या तळव्यांना तो अजिबात चालत नाही. सुती दोर मऊ असतो, पण पावसात भिजून फुगतो आणि आतून कधी कुजला हे बाहेरून सांगत नाही. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला, आणि तेव्हापासून मनुष्यजातीला गाठ मारता येत नाही असे आमच्या मातोश्रींचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. नायलॉन बळकट खरा; पण गुळगुळीत असल्याने त्याची गाठ सरकते, वजनाने तो ताणतो म्हणून सकाळी जमिनीपासून दीड फूट असलेली बैठक संध्याकाळी माती चाटू लागते, आणि उन्हात वर्ष-दोन वर्षे राहिला की त्याची लव सुटून तो वरून पिठूळ होतो. शिवाय दोर कोणताही असो, गाठ मारली की त्याची ताकद घटते, कधी कधी निम्म्यावर येते. त्यामुळे मेहुणे जेव्हा एका गाठीवर खात्री नसल्याने तिच्यावर दुसरी आणि दुसरीवर तिसरी मारतात, तेव्हा ते बळकटीच्या खात्यावर जमा करीत नसून खर्च टाकीत असतात. झाडाला बांधायचे तर दोराचा फास वर्षभरात सालीला कापीत आत जातो; खाली गोणपाट किंवा रबर घालावे हे बरे, आणि फांदीतून आरपार बोल्ट घालून खाली कडे बसवावे हे त्याहून बरे. पण फळत्या आंब्याला भोक पाडण्याचा ठराव आमच्या घरी मंजूर होणे अशक्य, म्हणून घोडीला साखळी लावणे हाच मध्यममार्ग. साखळीच्या कड्यात बोट चिमटते. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ओवले की भागते. आणि साखळी ज्या आकड्याला अडकवायची त्याचे तोंड पक्कडीने इतके मिटवावे की त्यात पातळसे नाणेही शिरता कामा नये. नाहीतर फ्रॉकची नाडी त्यात शिरते.

बैठकीसाठी घरोघरी स्वयंपाकघरातला एखादा निवृत्त पाट पुढे केला जातो. पाटाचा आग्रह सोडावा. झोक्यावरून पडणाऱ्या पोरापेक्षा झोक्यासमोर येणारे पोर अधिक शोचनीय असते, आणि सागवानी पाटाचा कोपरा जेव्हा वेगाने कपाळावर येतो तेव्हा त्याच पाटावर कधीकाळी सत्यनारायण मांडला होता या आठवणीने टेंगूळ कमी होत नाही. रबराचा किंवा जाड पट्ट्याचा मऊ झोळ करावा. मोटारीचा टायर टांगणारे काही उत्साही असतात. त्यांनी टायरच्या बुडाला भोके पाडावीत, एरवी श्रावण संपेपर्यंत त्यात डासांची वसाहत होऊन झोका मुलांचा न राहता आरोग्य खात्याचा होतो.

यानंतर जागेचा बंदोबस्त. दांडी जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तितकेच मागे मोकळे ठेवावे असा सर्वमान्य दंडक आहे. आमची दांडी ८ फुटांवर. म्हणजे पुढे १६ आणि मागे १६, एकूण ३२ फूट. कागदावर ही रक्कम निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात टेप धरून परसात उभे राहिले की लक्षात येते की या ३२ फुटांत धुण्याचा दगड, तुळशीवृंदावन, पावसासाठी रचलेल्या शेणी, शेजाऱ्यांची कोंबडी आणि कपडे वाळत घालायची तार एवढ्या संस्थानांचे हक्क पूर्वापार अबाधित आहेत. पैकी कोंबडी स्वतः सरकते. तारेचे प्रकरण मात्र नाजूक. ती बरोबर धावत्या पोराच्या गळ्याशी येते, म्हणून ती हलवली पाहिजे यावर दुमत नसते. ती कोठे हलवावी यावर मात्र सासूसुनांत जी बोलणी चालतात, त्यांच्या तुलनेत सालबाईचा तह उभ्या उभ्या उरकला असे म्हणावे लागेल.

पडण्याची सोय करणे हा या साऱ्या कारभाराचा सर्वांत दुर्लक्षित भाग. पडू नये म्हणून सारे झटतात. पडल्यावर कोठे पडावे याचा विचार कोणी करीत नाही. आमच्याकडचे खळे चोपण्याने चोपून, शेणाने सारवून असे घट्ट केलेले असते की त्यावर भात झोडपावे. त्यावर पोर पडले तर तेही झोडपल्यासारखेच होते. खाली निदान ९ इंच जाडीचा मऊ थर हवा, रेतीचा किंवा लाकडाच्या ढलप्यांचा. रेतीला मातोश्रींचा विरोध होता, कारण ती पायाला लागून माजघरापर्यंत येते. पण त्यांच्याआधी ती आळीतल्या मांजरांनी पसंत केली, आणि त्यांच्या पसंतीचे स्वरूप ध्यानात आल्यावर ढलप्यांचा ठराव एकमताने संमत झाला. ढलप्याही पावसाने दबतात, पायांनी बाजूला उडतात, आणि झोक्याच्या नेमक्या खाली, जिथे त्यांची गरज सर्वाधिक, तिथेच खळगा पडतो. म्हणून फावड्याने दर आठवड्याला त्या परत ओढाव्या लागतात. हे काम मुलांवर सोपवावे. ते ती आनंदाने करतात आणि ढलप्या परसभर होतात.

याप्रमाणे झोका उभा राहिला की तपासणीचे पर्व सुरू होते, आणि माझ्या मूळ मुद्द्याला खरी पुष्टी येथे मिळते. मुले दाटीवाटीने रांगेत उभी असतात. पण “थांबा रे, आधी वजन घेतो का ते बघू,” असे म्हणत मेहुणे पुढे होतात. मेहुण्यांचे वजन ९० किलो. ते नुसते बसले तर साखळीवर ९० किलोंचाच भार पडेल. परंतु नुसते बसण्याने तपासणी होत नाही अशी त्यांची धारणा आहे. झोका उभ्या रेषेपासून ६० अंश मागे नेऊन सोडला तर अगदी तळाशी येताना साखळीवर वजनाच्या दुप्पट ताण येतो, हे पदार्थविज्ञान आहे. म्हणजे ३० किलोच्या पोराचे ६० होतात आणि मेहुण्यांचे १८०. त्यांच्यानंतर शेजारचे सेवानिवृत्त शिरस्तेदार “मीही एकवार बघतो” म्हणून बसतात. त्यांच्यामागून आमचे पोस्टमास्तर, जे पत्र द्यायला नव्हे तर दुसऱ्याच कामासाठी आलेले असतात, तेही सार्वजनिक हिताच्या दृष्टीने दोन-चार झोके घेऊन पाहतात. तपासणी करताना माणसाचा चेहरा गंभीर असावा लागतो. परंतु तिसऱ्या झोक्याला तो गंभीर ठेवणे कोणालाही साधत नाही, असे माझ्या पाहण्यात आले आहे. पोस्टमास्तरांची टोपी ढलप्यांत पडली ती त्यांनी उतरल्यावरही बराच वेळ उचलली नाही.

पुढे पाळ्यांचा तहनामा. दर पाळीस २० झोके असे ठरले, तेव्हा थोरल्याने आक्षेप घेतला की, मी जड म्हणून माझे झोके सावकाश होतील आणि धाकटीचे भराभर. तर मला वेळ जास्त मिळतो असे ती म्हणणार. शिरस्तेदारांनी त्याला गॅलिलिओचे उदाहरण दिले. पिसाच्या प्रार्थनामंदिरात टांगलेले झुंबर हेलकावे घेताना पाहून त्याने आपल्या नाडीच्या ठोक्यांवर ते मोजले, आणि हेलकावा लहान असो की मोठा, त्याला वेळ सारखाच लागतो असे त्याला आढळले, अशी कथा सांगतात. हेलकावे फार मोठे झाले तर हे पुरते खरे राहत नाही. पण वजनाचा आणि वेळेचा संबंध नाही, तो दोराच्या लांबीचा, एवढे नक्की. त्याच तत्त्वावर हॉयगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ केले. आमच्या झोक्याच्या लांबीला एक पुरा हेलकावा पावणेतीन-तीन सेकंदांचा होतो, म्हणजे २० झोक्यांना जेमतेम मिनिट. थोरल्याला तेवढेच, धाकटीला तेवढेच, आणि मेहुण्यांनाही तेवढेच. मुलांना विज्ञान पटले. मग पुढे जाणे एक आणि मागे येणे एक असे धरायचे की दोन्ही मिळून एक, यावर भांडण सुरू झाले, आणि त्यावर गॅलिलिओकडे उत्तर नव्हते.

देखभालीचे दप्तर शिरस्तेदारांनी आपण होऊन पत्करले आहे. तारीख, आकडे, कडे, झीज, गंज, खांबाचा हादरा, ढलप्यांची जाडी असे रकाने त्यांनी वहीत लाल शाईने आखले. आकडा जिथे दांडीवर घासतो तिथे तो मूळ जाडीच्या किती उरला हे ते दर महिन्याला बघतात, बोल्ट पान्याने आवळून पाहतात, आणि गंजाच्या जागी रंगाचा हात मारायची सूचना लिहून खाली सही करतात. या दप्तरात एक रकाना मात्र कायम वादग्रस्त राहिला, तो वंगणाचा. आकड्याला वेळच्या वेळी ग्रीस दिले नाही तर लोखंडावर लोखंड घासून दोन्ही झिजतात, हे निर्विवाद. पण ग्रीस दिले त्या दिवशी मातोश्री भाजी चिरता चिरता विळी आडवी करून तीन वेळा मागील दारी येऊन गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, झोका कुरकुरतो तोवर पोरे झोक्यावर आहेत हे घरात बसून कळते. तो गप्प झाला की ती विहिरीवर गेली, शेवग्यावर चढली की चिंचेखाली बसली, ते उठून पाहावे लागते. शिरस्तेदारांनी या युक्तिवादाचा मान राखून एका बाजूच्या आकड्याला ग्रीस द्यावे आणि दुसऱ्या बाजूला दोन आठवड्यांनी, असा तोडगा काढला. त्यामुळे झोका आता एकाच बाजूने कुरकुरतो. जी बाजू कुरकुरते ती अधिक झिजते, असेही त्यांच्या वहीत नोंदले आहे.

एवढे सगळे सुरळीत चालले असता गेल्या पंचमीनंतर मुलांनी एक लेखी अर्ज दिला. त्यात असे म्हटले होते की, मामा, पोस्टमास्तर आणि शिरस्तेदार आजोबा यांच्या तपासणीमुळे अर्जदारांच्या पाळ्या वारंवार लांबणीवर पडतात. करिता वडील मंडळींसाठी निराळा झोका बांधून द्यावा, म्हणजे सर्वांची सोय होईल. खाली थोरल्याची सही आणि धाकटीचा अंगठा होता. अर्ज रीतसर शिरस्तेदारांकडे गेला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि समासात शेरा मारला : “मागणी सकृद्दर्शनी रास्त आहे. तथापि अर्जात निर्दिष्ट इसमांचे वय, वजन व उत्साह पाहता त्यांच्यासाठी स्वतंत्र झोका सुरक्षित ठरेलसे वाटत नाही. सबब नवीन खर्च नामंजूर. चालू झोक्याची तपासणी पूर्ववत करीत जावी.”